दोनशे सहा, साउथ जेफरसन स्ट्रीट

ही तीन मजली बिल्डिंग दिसतेय ना, शिकागोतली, हाउस म्युझिकला, म्हणजे क्लबात नाचायच्या त्या इलेक्ट्रॉनिक संगीताला, नाव मिळालं ते इथून. १९७७ ला इथे 'द वेअरहाउस' क्लब सुरू झाला, न्यूयॉर्कहून डीजे फ्रँकी नकल्स आला, आणि रात्रभर नाचायला यायची ती बहुतेक काळी आणि लॅटिनो पोरं, त्यात गे पोरं जास्त. वेअरहाउसमध्ये वाजतं ते हाउस, एवढं साधं. हल्ली 'ओल्ड स्कूल' म्हणून जे नवीन ट्रॅक येतायत ते ऐकताना हा पत्ता लक्षात असू द्या.

आता हे हात बघा. चंदेरी डबी आहे ती रोलँडची टीबी-३०३. गिटारवाल्याला घरी एकट्याने वाजवताना बेसची साथ मिळावी म्हणून काढली होती, पण आवाज काही खऱ्या बेससारखा येईना, प्रोग्रॅम करायला किचकट, १९८४ पर्यंत कंपनीने बंदच केली. मग ती सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळायला लागली, म्हणून तर शिकागोच्या पोरांना परवडली! फ्यूचर नावाच्या ग्रुपने एक पॅटर्न लावून ठेवला आणि हे नॉब, कटऑफ आणि रेझोनन्स, म्हणजे आवाजाचा पोत बदलणारे, वाजत असतानाच पिळत राहिले. ऐका. आधी गुरगुर, मग किंचाळी. १९८७ चं 'ॲसिड ट्रॅक्स' म्हणजे हेच, अकरा मिनिटांच्या वर.

आणि आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच ह्याच ३०३ वर, सोबत रोलँडचंच ड्रम मशीन ८०८ घेऊन, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले होते. शिकागोशी काही संबंध नाही, पण मशीन तेच, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हा दुसरा कीबोर्ड कॉर्गचा एम-वन, १९८८ चा. ह्यातला ऑर्गन दाबला की गायिका रॉबिन एसचं 'शो मी लव्ह' आठवतं, आणि त्याचीच आठवण देत २०२२ ला बियॉन्सेचं 'ब्रेक माय सोल' आलं.

शिकागो हाउसचेच कलाकार लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स यांना मात्र स्वतःच्याच गाण्यांच्या हक्कासाठी २०२० मध्ये कोर्टात जावं लागलं, तडजोड २०२२ ला झाली.

नकल्स २०१४ मध्ये गेला. त्याच्या रेकॉर्डी शिकागोतच आहेत, स्टोनी आयलंड आर्ट्स बँकेत. हे शेल्फ बघा.