केरवोखे: या आठवड्याचा केर कोणाचा?

आजच्या फराळाला जमलेल्या मंडळींना नमस्कार,

जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये भाड्याने घर घेतलं की कधीतरी दाराच्या मुठीला एक छोटी पाटी लटकलेली दिसते: ‘केरवोखे’. नवीन माणूस दचकतो. शेजाऱ्याने तक्रार केली की काय! तसं काही नसतं. ‘केरन’ म्हणजे झाडणं आणि ‘वोखे’ म्हणजे आठवडा. आपल्या ‘केरा’शी जुळणारा हा उच्चार योगायोगाचा आहे, पण लक्षात ठेवायला सोयीचा. पाटी एवढंच सांगते की या आठवड्यात पाळी तुमची. चाळीत राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्रथा जुनी आहे. प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर न्यावी, असं या शहराच्या १४९२ सालच्या नियमांतच होतं. मानफ्रेड रोमेल महापौर असताना, १९८८ मध्ये, शहराने केरवोखेची सक्ती काढली. तरी प्रथा टिकली, कारण ती आता भाडेकरारात आणि इमारतीच्या नियमावलीत, म्हणजे हाऊसऑर्डनुंगमध्ये असते. म्हणून आधी करार वाचा. त्यात हे काम भाडेकरूवर टाकलेलं नसेल तर जबाबदारी मालकाची. सफाई कंपनी नेमलेली असेल तर तिचे पैसे बहुधा तुमच्या नेबनकोस्टनमध्ये, म्हणजे भाड्यावरच्या जादा खर्चात, येत असतात. मग झाडू हातात घेण्याचं कारण नाही.

पाळी दोन प्रकारची. ‘छोटी’ म्हणजे आपल्या मजल्यासमोरची जागा आणि खालच्या मजल्यापर्यंतचा जिना. ‘मोठी’ म्हणजे फुटपाथ, अंगण, तळघराची वाट आणि कचऱ्याच्या टोनांची, म्हणजे मोठ्या पेट्यांची, जागा. तपशील इमारतीगणिक बदलतो.

जिना वरून खाली करायचा. आधी कोरडा झाडायचा, मगच ओलं फडकं. झाडलं नाही तर धुळीचा चिखल होऊन पायऱ्यांच्या कोपऱ्यांत बसतो, आणि शेजारणीची नजर नेमकी तिथेच जाते. पाच लिटर पाण्यात झाकणभर साबण पुरतो. जास्त घातला तर चिकट थर राहतो, त्यावर धूळ पटकन बसते आणि पाय घसरतात. पायऱ्या संगमरवरी किंवा टेराझोच्या असतील तर व्हिनेगर आणि लिंबाचं क्लीनर दूर ठेवा. या दगडांत चुना असतो, आम्लाने चकाकी जाते आणि ती पुसून परत येत नाही. लाकडी जिन्याला फडकं घट्ट पिळून घ्या. शेवटी कठडा, खिडकीची कड आणि खालच्या दाराची काच.

आपल्या घरांचा नेहमीचा घोटाळा म्हणजे दाराबाहेरच्या चपला. आपल्यासाठी तो शिष्टाचार, पण इथे जिना हा आग लागल्यावर बाहेर पडायचा मार्ग असतो. चपलांचं कपाट आत घ्या.

दिवाळीत उंबऱ्याशी रांगोळी काढली तर ती कोरडीच झाडून घ्या. पाणी लागलं की रंग फरशीच्या सांध्यांत उतरतो. निर्माल्यातला दोरा काढून फुलं जैविक कचऱ्याच्या टोनेत टाका. फुटलेली मातीची पणती रेस्टम्युलमध्ये, म्हणजे वर्गीकरण न होणाऱ्या उरलेल्या कचऱ्यात जाते, टीलाइटची रिकामी ॲल्युमिनियमची वाटी प्लॅस्टिक-धातूच्या वेष्टनांच्या पिवळ्या कचऱ्यात. तळणीचं तेल बेसिनमध्ये कधीही ओतू नका. पाइपमध्ये ते थंड होऊन थिजतं आणि तुंबतं खालच्या मजल्यावर. गार झालं की झाकणाच्या बाटलीत भरून रेस्टम्युलमध्ये टाका.

वर्गीकरणाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण भांडणं इथेच होतात. दह्याचा डबा घासायची गरज नाही, चमच्याने निपटला की पुरे. पण ॲल्युमिनियमचं झाकण पूर्ण काढा आणि डबे एकात एक घालू नका. वर्गीकरण करणारं यंत्र वरचाच पदार्थ ओळखतं, आतला चुकीच्या ढिगात जातो. काचेच्या कंटेनरमध्ये फक्त बाटल्या आणि बरण्या. निळी काच हिरव्या काचेसोबत. फुटलेला पेला किंवा कप तिथे चालत नाही. पेल्याची काच वेगळ्या तापमानाला वितळते, चिनीमाती तर वितळतच नाही आणि नव्या बाटलीत खडा होऊन राहते. बाटल्या रविवारी किंवा रात्री टाकू नका, खणखणाट सगळी गल्ली ऐकते. दुकानाची गुळगुळीत पावती कागदात नाही, रेस्टम्युलमध्ये.

जैविक कचरा वर्तमानपत्रात गुंडाळा. उन्हाळ्यात अळ्या कमी होतात, आणि हिवाळ्यात ओला कचरा टोनेच्या भिंतीला गोठून चिकटत नाही. तसा गोठला तर गाडीवाले टोन उलटी करतात, निम्मं आतच राहतं आणि पुढची फेरी येईपर्यंत तुम्ही ते बघत बसता. ‘विघटनशील’ लिहिलेल्या प्लॅस्टिक पिशव्यांवर भरवसा ठेवू नका. त्या प्रकल्पात वेळेत कुजत नाहीत, म्हणून अनेक ठिकाणी चालतच नाहीत.

बर्फाचं काम करारात तुमच्याकडे असेल तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास फुटपाथवर निदान एक मीटर रुंद वाट मोकळी हवी. आपल्या भागाची नेमकी वेळ नगरपालिकेच्या नियमात पाहून घ्या. मीठ टाकायची सवय नको. ते झाडांच्या मुळांना मारतं, म्हणून पुष्कळ शहरांत त्यावर बंदी आहे. बारीक खडी किंवा वाळू टाका. खरवडलेला बर्फ गटाराच्या जाळीवर ढीग करून ठेवू नका, नाहीतर वितळल्यावर पाणी जायला जागा उरत नाही.

पाळीच्या आठवड्यात भारतात असाल तर आधीच शेजाऱ्याशी अदलाबदल ठरवा. नुसती पाटी शेजारच्या दारावर टांगून विमानतळ गाठण्यासारखा उद्धटपणा नाही. लॉन कापण्याचं यंत्र रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी अजिबात नाही, इतर दिवशी रात्री आठ ते सकाळी सात नाही. पानं उडवणाऱ्या यंत्राला वेळ आणखी कमी: कामाच्या दिवशी नऊ ते एक आणि तीन ते पाच. खराटा मात्र कधीही चालतो.

मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. तेव्हा त्या नात्याला जागून आजच्या फराळानंतर तेलकट कागदी ताटल्या कागदाच्या टोनेत नाहीत, रेस्टम्युलमध्ये टाका. ती टोन सभागृहाच्या मागच्या दाराशी, डावीकडे आहे.