संशयी कर्नल कायम हाताशी ठेवा

नमस्कार मंडळी. विषय कळवला होता तो 'लिनक्स कर्नल बिल्ड करताना कुठले डीबग ऑप्शन लावायचे', आणि ते मी सांगणार आहेच, पण त्याआधी एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे ती तुमच्यापुढे मांडते. इथे बसलेल्या जवळपास सगळ्यांनी एकदा तरी मेनूकॉन्फिग, म्हणजे कर्नलचे ऑप्शन निवडायचा मेनू, उघडलेलं असणार, बाण दाबत दाबत पार खाली डीबग ऑप्शनच्या 'कर्नल हॅकिंग' विभागापर्यंत गेलेलं असणार, आत डोकावून एवढी मोठी यादी बघून तसंच बाहेर येऊन सेव्ह केलेलं असणार. हात वर करा बघू. हां, निम्म्याहून जास्त! मग कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, याहून जास्त मी समजावत बसत नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. डीबग ऑप्शन बग आल्यावर लावायचे नसतात, बग आहे हे कळायच्या आधीच ते लावलेले असायला हवेत. म्हणजे ड्रायव्हर लिहिणाऱ्या, कर्नलमध्ये पॅच टाकणाऱ्या प्रत्येकाकडे दोन कर्नल बिल्ड होऊन तयार पाहिजेत, एक नेहमीचा पळणारा, आणि दुसरा असा की ज्याचा कोणावरच भरवसा नाही, प्रत्येक पॉइंटरला, म्हणजे मेमरीच्या पत्त्याला, थांबवून विचारणार कुठून आलास, प्रत्येक लॉकची, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलुपाची, नोंद ठेवणार. आमच्या टीममध्ये त्याला संशयी कर्नल म्हणतात, आणि नवा कोड आधी तिथेच चालवायचा असा नियम आहे.

हा नियम कुठून आला ते ऐका, मग ऑप्शनकडे येते.

आमचा एक छोटा ड्रायव्हर होता, सेन्सरचा. सेन्सर काढता-लावता यायचा. ड्रायव्हर दर सेकंदाला वर्कक्यूमधून, म्हणजे कर्नलच्या कामांच्या रांगेतून, एक काम चालवायचा, रीडिंग घ्यायचा, बफरमध्ये टाकायचा, बस. तीनशे ओळी असतील नसतील, तिघांनी रिव्ह्यू केलेला, दिसायला एकदम सरळ. आणि मशीन दोन-तीन दिवसांतून एकदा मरायचं. बरं, मरायचं तेही आमच्या कोडमध्ये नाही! एकदा ऊप्स, म्हणजे कर्नल कोसळताना छापतो तो रिपोर्ट, आला तो फाइलसिस्टिमच्या कोडमध्ये, एकदा नेटवर्किंगमध्ये, एकदा तर अशा ठिकाणी की आमच्या ड्रायव्हरचा त्या कोडशी काडीचा संबंध नाही. आता अशा वेळी माणूस कोणाला धरतो? रॅमला. आम्हीही तेच केलं, रात्रभर मेमरी टेस्ट लावली, सकाळी शून्य एरर. तरी पट्टी बदलली. मग पॉवर सप्लाय बदलला. मग कर्नलचं व्हर्जन मागे नेलं, मग पुढे नेलं. तीन आठवडे गेले यात, आणि रोज सकाळी ऑफिसात आल्या आल्या पहिलं काम म्हणजे मशीन जिवंत आहे का बघणं.

तेव्हा आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी, कामाला लागून तिला दोन महिनेही झाले नव्हते, तिने विचारलं, "ताई, आपण बूट करताना स्लब-डीबग का देत नाही?" मी गप्पच झाले. कारण त्याला कर्नल पुन्हा बिल्डसुद्धा करावा लागत नव्हता, स्लब_डीबग हा, कर्नलच्या मेमरी वाटणाऱ्या भागावर नजर ठेवणारा ऑप्शन आमच्या कर्नलमध्ये आधीपासून 'वाय', म्हणजे चालू होता, फक्त बूट लाइनवर एक शब्द लिहायचा होता. तो लिहिला. दुसऱ्या दिवशी ऊप्स आला आणि त्यात जो पत्ता होता तो असा: ६बी६बी६बी६बी६बी६बी६बी६बी.

हे ज्यांनी पाहिलंय त्यांच्या अंगावर आत्ता काटा आला असेल. ज्यांनी नाही पाहिलं त्यांच्यासाठी सांगते. पॉइझनिंग चालू असलं की मेमरी फ्री झाल्याक्षणी, म्हणजे काम संपून परत दिल्याक्षणी, ती वाटणारा स्लॅब अ‍ॅलोकेटर ती सगळी ६बी या बाइटने भरून टाकतो, शेवटचा बाइट फक्त ए५.  ६बी म्हणजे आस्कीमध्ये छोटा 'के', त्यामुळे मेमरी डंपच्या उजव्या बाजूला के के के के अशी रांगच्या रांग दिसते. म्हणजे रजिस्टरमध्ये ६बीची माळ दिसली की समजायचं, बहुतेक कोणीतरी सोडून दिलेल्या मेमरीतून पॉइंटर उचलला आणि त्याच्यामागे चालत गेलं. पॉइझन नसताना काय होत होतं, तर फ्री झालेल्या बफरमधला जुना मजकूर तसाच पडून राहायचा, आमचं काम सुखाने तो वाचायचं, त्यात लिहायचं, आणि तोवर तोच तुकडा अ‍ॅलोकेटरने दुसऱ्याच कोणालातरी दिलेला असायचा. मग मरायचा तो दुसरा. म्हणून दर वेळी वेगळी जागा.

एवढं कळलं, पण फ्री केलं कोणी आणि वापरलं कोणी? त्यासाठी केसॅन. केसॅन म्हणजे कर्नलचा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, २०१५ मध्ये ४.० व्हर्जनला आत आला. कंपायलर प्रत्येक मेमरी अ‍ॅक्सेसच्या आधी एक तपासणी घालतो, आणि प्रत्येक आठ बाइटमागे एक बाइट शॅडो मेमरीत त्यांचा हिशेब ठेवतो, म्हणजे एक-अष्टमांश मेमरी तिथेच गेली, आणि मशीन चांगलंच मंदावतं. पण देतो काय बघा: कोणी हात लावला त्याचा स्टॅक, म्हणजे कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं ती यादी, ती मेमरी घेतली कोणी त्याचा स्टॅक, सोडली कोणी त्याचा स्टॅक, आणि वर्कक्यूचं काम असेल तर ते काम रांगेत कोणी लावलं तेही. आम्ही केसॅनवाला कर्नल बिल्ड केला, अनबाइंड-बाइंड करत राहणारी, म्हणजे ड्रायव्हर सेन्सरपासून सोडवून पुन्हा जोडत राहणारी, चार ओळींची स्क्रिप्ट लावली, म्हणजे सेन्सर हाताने काढायला नको, आणि पाऊण तासात रिपोर्ट हजर.

आता इथे माझी खरी तक्रार आहे, थोडा वेळ जाईल पण ऐकून घ्या. रिपोर्टमध्ये फंक्शनचं नाव आणि पुढे ऑफसेट, म्हणजे त्यात किती बाइट आत, एवढंच होतं. मला ओळ हवी होती. त्यासाठी फॅड्रटूलाइन नावाची स्क्रिप्ट आहे कर्नलच्याच सोर्समध्ये, तिला डीबग इन्फो लागते, म्हणजे मशीन कोड सोर्सच्या कुठल्या ओळीतून आला त्याची नोंद. मी म्हटलं, आहे की, आमच्या जुन्या कॉन्फिग फाइलमध्ये डीबग_इन्फो बरोबर वाय असं मीच वर्षानुवर्षं लिहीत आलेय. स्क्रिप्ट म्हणते, डीबग इन्फो नाही. फाइल उघडून बघते तर ती ओळच गायब! कर्नल ५.१८ पासून म्हणजे २०२२ पासून डीबग_इन्फो हा आपण थेट निवडायचा ऑप्शन राहिलेला नाही, तिथे एक चॉइस आला, डीबग इन्फो नको, ड्वॉर्फ टूलचेन देईल ते, ड्वॉर्फ ४, ड्वॉर्फ ५ (ड्वॉर्फ म्हणजे डीबग इन्फोचा फॉरमॅट), यातलं एक घ्यायचं आणि मग डीबग_इन्फो आपोआप लागतो. जुनी फाइल घेऊन ओल्डडेफकॉन्फिग, म्हणजे नव्या ऑप्शनना डिफॉल्ट किमती भरणारी कमांड, चालवलं की चॉइस पडतो पहिल्या पर्यायावर, म्हणजे 'नको'वर. आणि माझ्या वायचं काय झालं ते कोणी सांगत नाही, एरर नाही, वॉर्निंग नाही. दोन तास बिल्ड होऊन हातात आला तो आंधळा कर्नल.

बदल चुकीचा होता असं माझं म्हणणं नाही. पण माणसाने लिहून दिलेली इच्छा गपचूप टाकून द्यायची हे मला अजिबात पटत नाही. कॉन्फिग फाइल आपण सेटिंग समजतो पण ती असते मागणी, आणि मागणी नाकारली तर तसं तोंडावर सांगायला हवं. २००२ मध्ये २.५ च्या काळात जुनी कॉन्फिग भाषा जाऊन आत्ताची केकॉन्फिग आली, आज तिच्यात १५,००० च्या वर ऑप्शन आहेत. 'डिपेंड्स ऑन' लिहिलेलं पूर्ण झालं नाही तर ऑप्शन दिसतच नाही, आणि 'सिलेक्ट' तर डिपेंडन्सी न बघताच दुसऱ्याला ओढून आत आणतो. या पसाऱ्यात माझी ओळ टिकली की नाही हे मी डोळ्यांनी शोधत बसू का?

याला उपाय आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात म्हणून मुद्दाम सांगते. स्क्रिप्ट्समध्ये केकॉन्फिगच्या फोल्डरात मर्ज-कॉन्फिग नावाची शेल स्क्रिप्ट आहे. आपल्या मागण्या छोट्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायच्या, फ्रॅगमेंट म्हणतात त्याला, आणि तिच्यामार्फत मूळ कॉन्फिगमध्ये मिसळायच्या. शेवटी ती स्वतः पडताळून बघते आणि मागितलेली किंमत अंतिम फाइलमध्ये आली नसेल तर ऑप्शनचं नाव घेऊन सांगते. एक लक्षात ठेवा, मायनस एम दिलात तर ती नुसतं मिसळते, ही तपासणी करत नाही. आणि दुसरा फायदा, कॉन्फिग फाइलमध्ये आपण लिहिलेल्या कमेंट पुढच्या मेनूकॉन्फिगला पुसल्या जातात, फ्रॅगमेंटमध्ये राहतात. ऑप्शन का लावला हे सहा महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही, तेव्हा ती कमेंट कामाला येते.

हां, तर बग. चॉइस नीट निवडला, पुन्हा बिल्ड केलं, ओळ मिळाली. सेन्सर काढला की चालणाऱ्या रिमूव्ह फंक्शनमध्ये बफर आधी फ्री होत होता आणि काम रद्द करणं नंतर. दोन्हींच्या मध्ये सेन्सर बंद व्हायची वाट बघणारं एक छोटं थांबणं होतं, तेवढ्या फटीत काम पुन्हा एकदा चालून जायचं. आधी कॅन्सल सिंक, म्हणजे काम रद्द करून ते थांबेपर्यंत वाट बघणं, मग फ्री. दोन ओळींची अदलाबदल. तीन आठवड्यांचा हिशेब तुम्हीच करा, आणि तिघांनी केलेला रिव्ह्यूही त्यात धरा.

समोरून खूण झालीय, सात मिनिटं. मग आता भराभर.

संशयी कर्नलमध्ये काय हवं? डीबग_कर्नल हा ऑप्शन स्वतः फारसं काही करत नाही, बाकीच्यांचं दार उघडतो, तो लावा. ड्वॉर्फवाला चॉइस निवडा. पण डीबग इन्फोमुळे मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये वेगळे भरता येणारे तुकडे, अवाढव्य होतात, इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीची तात्पुरती फाइलसिस्टिम, फुगते, बूट पार्टिशन भरून जातं, म्हणून इन्स्टॉल करताना इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप बरोबर १ द्या, पूर्ण माहिती बिल्ड फोल्डरातल्या फाइलमध्ये राहतेच. लोकलव्हर्जनमध्ये, म्हणजे कर्नलच्या व्हर्जनमागे जोडायच्या मजकुरात, काहीतरी शेपूट लावा, नाहीतर दोन्ही कर्नलची मॉड्यूल एकाच फोल्डरात जाऊन पडतील आणि युनेम या कर्नलचं व्हर्जन दाखवणाऱ्या कमांडमध्येही कळणार नाही कुठल्यावर बसलोय.

मेमरीसाठी केसॅन, सांगितलंच. लॉकसाठी प्रूव्ह_लॉकिंग, म्हणजे लॉकडेप, २००६ चा, २.६.१८ पासूनचा. माझा सगळ्यात लाडका. कारण डेडलॉक, म्हणजे दोघं एकमेकांच्या लॉकची वाट बघत कायमचे अडकणं, व्हायची तो वाट बघत नाही. एका वाटेने अ मग ब घेतलं आणि तासाभराने दुसऱ्याच वाटेने ब मग अ घेतलं, की दोघं समोरासमोर आलेले नसले तरी तो सांगतो इथे कधीतरी अडकणार आहात. मात्र पहिल्या रिपोर्टनंतर तो स्वतःला बंद करून घेतो, तेव्हा पहिला रिपोर्ट सोडवल्याशिवाय पुढचं काही दिसणार नाही, "तो जुनाच आहे, सोड" असं करू नका. त्याच्या जोडीला डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप, स्पिनलॉक धरून झोपणाऱ्यांसाठी; हा लॉक हातात असताना कोडने थांबून राहायचं नसतं. हंग टास्क डिटेक्टर पण लावा, १२० सेकंद अडकलेल्या टास्कचा स्टॅक छापतो.

सगळं एकदम लावता येत नाही. डेटा रेस, म्हणजे दोघांनी एकाच वेळी एकाच मेमरीला लॉकशिवाय हात लावणं, शोधणारा केसीसॅन हवा असेल तर केसॅन काढावा लागतो, दोघं एकत्र बिल्डच होत नाहीत, तो तिसरा कर्नल समजा. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर सोर्समध्येच डीबग डॉट कॉन्फिग नावाचा तयार फ्रॅगमेंट आहे, तो उघडून वाचा, त्यातल्या प्रत्येक ओळीची हेल्प वाचा, एक संध्याकाळ जाईल पण बरंच काही कळेल.

मघाशी चहाच्या वेळी कोणीतरी म्हणालं की संशयी कर्नल इतका हळू की टायमिंगचे बग त्यात लपतात. खरंय. काही लपतात, काही उलट वर येतात, म्हणून तर दोन कर्नल. आणि जो नेहमीचा, पळणारा आहे त्यातही केफेन्स हा मेमरीचे बग पकडणारा हलका पहारेकरी ठेवा, ५.१२ पासून आहे, २०२१. तो दर १०० मिलिसेकंदांनी एखादंच अ‍ॅलोकेशन पकडून पहाऱ्यात ठेवतो, डिफॉल्टला २५५ ऑब्जेक्ट, सगळं मिळून २ एमबी मेमरी, वेग कमी झालेला जाणवतही नाही. एका मशीनवर महिनोनमहिने काही सापडणार नाही, पण मशीन शेकड्याने असतील तर कुठे ना कुठे सापडतं. आणि पीस्टोअर, म्हणजे मरण्याआधीचा शेवटचा लॉग रीबूटनंतर वाचता येतो, हार्डवेअर साथ देत असेल तर.

वेळ संपली म्हणतायत. केजीडीबीवर, म्हणजे कर्नलच्या डीबगरवर, बोलायचं राहिलं, ते २००८ मध्ये मुख्य कर्नलमध्ये यायला एवढी वर्षं का लागली ती फार चांगली गोष्ट आहे, पुढच्या वेळी. बाहेर टेबलावर माझा लॅपटॉप आहे, दोन्ही कर्नल त्यात आहेत, जुना बगवाला ड्रायव्हरही ठेवलाय. संशयीवर बूट करून स्क्रिप्ट लावून देते, या, रिपोर्ट येईपर्यंत प्रश्न विचारा.