गुलाबाचा डोळा

मंडळी, ही फांदी पाहा. आज सकाळीच गच्चीवरच्या झाडाची कापून आणली. पान जिथे फांदीला चिकटतं, त्या बेचक्यात मोहरीएवढा लालसर फुगवटा आहे. मागे बसलेल्यांनी नंतर पुढे येऊन बघा. हा डोळा. ऊस लावणाऱ्याला तो दाखवावा लागत नाही, दोन डोळ्यांचं टिपरं तो न बघता तोडतो. आपण गच्चीवाले मात्र फूल बघतो, काटा बघतो आणि डोळा विसरतो.

हे डोळे झोपलेले का असतात? फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संजीवक तयार होतं आणि खाली उतरत राहतं. ते उतरतंय तोवर खालच्या डोळ्यांना फुटायची मुभा नसते. एकत्र कुटुंबात थोरल्या काकांसमोर धाकटे तोंड उघडत नाहीत, तसं. शेंडा उडवला की धाकट्यांना कंठ फुटतो, आणि कापाच्या सर्वांत जवळचा डोळा आधी बोलतो. तो ज्या बाजूला बघत असेल, त्या बाजूला नवी फांदी जाते. म्हणून झाडाच्या बाहेर बघणारा डोळा निवडायचा आणि त्याच्या वर साधारण पाव इंचावर, पाणी डोळ्यावर ओघळणार नाही असा तिरका काप घ्यायचा. फार वर कापलं तर उरलेलं खुंटुक वाळतं आणि ते वाळणं खाली सरकत येतं.

इंग्लंडमधली पुस्तकं फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटा म्हणतात. तिथे गुलाब थंडीत झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, नुसता पावसाळ्यात उंडारतो. म्हणून आपली छाटणी पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरमध्ये. मुंबई-कोकणात पाऊस रेंगाळला तर महिनाअखेरीस. तिथून दीड-दोन महिन्यांत फुलं. मावळातले पॉलिहाऊसवाले 14 फेब्रुवारीचा हिशेब असाच उलटा मोजत जातात.

किती कापायचं, हा प्रश्न मला दर वर्षी येतो. हायब्रिड टी, म्हणजे लांब दांड्यावर एकच मोठं फूल देणारा गुलाब, असेल तर चार-पाच जोमदार फांद्या ठेवा, गुडघ्याच्या थोडं वर. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, काडेपेटीतल्या काडीसारख्या बारीक फांद्या बुडातून काढा. आणि कापल्यावर कापाकडे बघा. मधला गाभा पांढरा हिरवट असेल तर ठीक. तपकिरी दिसला तर आणखी दोन बोटं खाली या, परत बघा. पांढरा दिसेपर्यंत उतरत राहायचं, मग झाड कितीही ठेंगणं होवो. तिथे माया करायची नाही. जाड कापांवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावा. हाताशी नसेल तर निदान सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार आणि पुसलेलं असू द्या. बोथट सिकेटर कापत नाही, चेचतं.

पण खाली उतरण्यालाही हद्द असते. माझी एक फजिती सांगते. नर्सरीतून लाल गुलाब आणला होता. पहिल्याच वर्षी उत्साहात इतका खाली छाटला, की डोळा भरलेला सांधाच कापून टाकला. नर्सरीचा बहुतेक गुलाब दोन झाडांचा असतो. खाली जंगली गुलाबाचा खुंट आणि त्यावर चांगल्या जातीचा एक डोळा. माझा डोळा गेला आणि खुंट राहिला. तो असा फोफावला, की मी दोन वर्षं कौतुकाने शेणखत घालत होते! तिसऱ्या वर्षी पांढऱ्या, बारीक फुलांचे झुबके आले. शेजारच्या काकूंना ते फार आवडले, ते सोडा. एका देठावर सात पानं दिसली की जंगली फूट, असं लोक सांगतात. त्यावर विसंबू नका, चांगल्या जातींनाही कधी सात येतात. सांध्याच्या खालून निघालीय का, एवढं बघा, आणि तशी असेल तर कापू नका, ओढून उपटा.

एका डोळ्याची ताकद किती असते? गुलाबाच्या नव्या जाती तयार करणारे फ्रान्सचे फ्रान्सिस मेयाँ यांनी एका रोपातून पिवळा-गुलाबी गुलाब निवडला. त्याचे डोळे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास परदेशी पोचले आणि 1945 साली त्याला ‘पीस’ हे नाव मिळालं. जगातली ‘पीस’ची सगळी झाडं म्हणजे त्या एका रोपाचेच तुकडे.

आता छाटलेल्या काड्या. शेंड्यातून उतरणारं ते ऑक्झिन काडीत खालच्या टोकाशी साचतं आणि तिथे मुळं धरायला लावतं. वर डोळ्यांना दाबणारे काका खाली मुळांना मदत करतात. म्हणून उलटी खोचलेली काडी लागत नाही. गोंधळ नको असेल तर खालचा काप तिरका आणि वरचा सरळ घ्या. नुकतंच फूल गळलेली, पेन्सिलीएवढी फांदी निवडा. काटा अंगठ्याने आडवा ढकला. कटकन स्वच्छ तुटला तर लाकूड तयार. साल सोलत आला तर कोवळं आहे, थांबा. काडी वीतभर, तीन-चार डोळ्यांची. खालची पानं काढा, वरचं एक अर्धं कापून ठेवा. वाळू आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, समसमान, दोन डोळे आत, वर बूड कापलेली पाण्याची बाटली, आणि सावली. ऑक्टोबरचं ऊन काडी दोन दिवसांत वाळवतं. मुळं सुटायला महिना-दीड महिना लागतो. त्याआधी पालवी दिसली तर पेढे वाटू नका. ती काडीतल्या शिदोरीवर फुटते. आणि मुळं आली का, म्हणून उपटून बघू नका. बटाट्यात काडी खोचायचे व्हिडिओ मीही पाहिलेत. करून बघितलं. बटाटा उत्तम उगवला.

गावठी गुलाब, मिनिएचर, वेली गुलाब काडीवर सहज येतात. हायब्रिड टी दहातले दोन-तीन आले तरी खूश व्हा. या टेबलावरच्या काड्या जाताना घेऊन जा. लाल दोरा बांधलेल्या गावठी आहेत. पिवळ्या दोऱ्याच्या पिवळ्या हायब्रिड टीच्या. त्या कुणाकडे लागल्या तर मला कळवा, माझ्याकडे आजवर एकही लागलेली नाही.