साडेचार चटयांचा संसार: एदोच्या मागच्या बोळात

(दृश्य: टोकियोच्या फुकागावा भागातलं एदो संग्रहालय. तिथे पूर्ण मापात उभारलेली जुनी चाळ. कॅमेरा हळूहळू एका दारातून आत शिरतो.)

नऊ फूट रुंद, बारा फूट लांब. एवढ्या जागेत एक सुतार, त्याची बायको आणि दोन मुलं यांचा संसार मावायचा. दार सरकवलं की आधी मातीची जमीन लागते. खडावा इथेच काढायच्या. चूल इथे, पाण्याचा रांजण इथे, सरपणही इथेच. एक पायरी चढलं की साडेचार तातामी, म्हणजे साडेचार जाड चटया मावतील एवढी एकच खोली. दिवसा तिथे जेवायचं, शिवायचं, आलागेला बसवायचा. रात्री गाद्या पसरायच्या. भिंतीत कपाट नाही. सकाळी गाद्या घडी करून कोपऱ्यात रचायच्या आणि पुढे एक बुटका पडदा उभा करायचा. शेजारी शिंकला तर ऐकू येतं, कारण मधली भिंत फळीची किंवा पातळ मातीची.

हे एदो, म्हणजे आजचं टोकियो. तोकुगावा इएयासू 1590 मध्ये इथे आला आणि 1603 मध्ये शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश झाला. अठराव्या शतकात या शहराची वस्ती 10 लाखांच्या घरात पोचली होती. 1721 च्या मोजणीत एकट्या व्यापारी-कारागिरांची संख्या 5 लाखांच्या आसपास भरली. सामुराई आणि मठ-देवळातले लोक त्यात धरलेलेच नव्हते. जमिनीची वाटणी मात्र वेगळीच होती. निम्म्याहून जास्त शहर सरदारांच्या वाड्यांनी आणि सामुराईंच्या घरांनी अडवलेलं, त्यात देवळं आणि मठ. उरलेल्या सुमारे पाचव्या हिश्शात हे 5 लाख लोक दाटीवाटीने राहत.

मोठ्या रस्त्यावर दुकानं असत, कापडाची, भांड्यांची, औषधांची. दोन दुकानांच्या मधून एक अरुंद बोळ आत जाई. बोळाच्या तोंडाशी लाकडी फाटक, मधोमध फळ्यांनी झाकलेलं गटार आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर चाळी. यांना ‘नागाया’ म्हणत. एदोचे बहुतेक सामान्य लोक अशाच बोळांत जन्मले, वाढले, मेले. जुन्या जपानवरच्या चित्रफितींमध्ये तलवारी दिसतात, चहाचे विधी दिसतात. या बोळातली माणसं क्वचितच दिसतात. म्हणून आपण आज या बोळातून बाहेर पडणारच नाही.

(दृश्य: विहीर. बांबूच्या टोकाला बांधलेली बादली.)

बोळाच्या मध्यावर थोडी मोकळी जागा. तिथे विहीर, कचऱ्याची पेटी, सामाईक संडास आणि बहुतेक ठिकाणी भातशेतीच्या इनारी देवाचं चिमुकलं देऊळ. सकाळी सगळ्या बायका विहिरीपाशी. तांदूळ धुणं, भाजी धुणं, कपडे, आणि कोणाच्या घरी काय झालं याची खबर.

ही विहीर दिसायला विहीर, पण तिच्यात झरा नव्हता. समुद्र बुजवून काढलेल्या जमिनीत खणलं की खारं पाणी लागायचं. म्हणून गोडं पाणी लांबून आणावं लागलं. 1653 मध्ये शोएमोन आणि सेइएमोन या दोघा भावांनी तामागावा नदीचं पाणी हामुरापासून योत्सुयापर्यंत आणणारा कालवा खोदून घेतला. लांबी 43 किलोमीटर आणि एवढ्या अंतरात उतार जेमतेम 92 मीटर. पंप नाही, इंजिन नाही. पाणी फक्त उताराने चालत यायचं. शहरात शिरलं की ते जमिनीखालच्या लाकडी नळांतून फिरे आणि बोळाबोळातल्या या उथळ विहिरींत येऊन साचे. पाणपट्टी घरमालक भरायचा, रस्त्यावरच्या दर्शनी रुंदीप्रमाणे. सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी सगळी चाळ दोर ओढायला जमे. विहीर पूर्ण उपसायची, एक माणूस आत उतरून तळ घासायचा, वर्षभरात पडलेले कंगवे आणि वाट्या वर यायच्या. सुमिदा नदीपलीकडे, होन्जो-फुकागावाकडे, हे नळ पोचत नसत. तिथल्या लोकांना नावेतून आलेलं पाणी विकत घ्यावं लागे.

आता चाळीच्या कारभाऱ्याला भेटूया. याला ‘ओया’ म्हणत. हा मालक नव्हे. मालक दुसरीकडे राहायचा आणि कारभारी त्याच्या वतीने भाडं गोळा करायचा. पण त्याचं काम भाड्यापाशी संपत नसे. भाडेकऱ्याचं लग्न, जन्म-मृत्यूची नोंद, प्रवासाचा परवाना, कचेरीत हजर राहणं, सगळ्यात त्याची सही-शिक्का आणि त्याची हजेरी. भाडेकऱ्याने गुन्हा केला तर जाबही त्यालाच. ‘कारभारी म्हणजे आईबाप, भाडेकरी म्हणजे लेकरं’ असं लोक म्हणत. त्यात माया होती तशी जरबही होती. भाडेकऱ्याला शहराच्या कारभारात बोलायचा हक्क नव्हता. तो जमीनमालकाला आणि त्याच्या या प्रतिनिधीला.

कारभाऱ्याच्या वरकमाईची एक बाब होती आणि एदोचं पोट समजून घ्यायचं असेल तर तिच्यापाशी थांबायलाच हवं. ती म्हणजे संडास.

(दृश्य: अर्ध्या दाराचा संडास. उभ्या माणसाचं डोकं बाहेरून दिसेल इतकं बुटकं दार.)

चाळीच्या संडासातला मैला हा मालाचा साठा होता. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी खांद्यावर कावड घेऊन, घोडे घेऊन, कालव्यातून नावा घेऊन यायचे आणि हे सोनखत पैसे मोजून न्यायचे. आपल्या देशासारखं गाईगुरांचं शेण तिथे मुबलक नव्हतं. डोंगरातला पालापाचोळा शेतीला पुरत नव्हता. आणि शहराला रोज मुळे, पालेभाज्या, वांगी लागत. शहराबाहेरच्या नेरिमाचे मुळे एदोत नावाजलेले. ते ज्या जमिनीत वाढले तिला खत शहरानेच पुरवलं होतं. भाजी शहरात येई, खत गावाला जाई.

सरदारांच्या वाड्यांतल्या खताला चाळीतल्यापेक्षा जास्त भाव मिळे, कारण तिथलं खाणं सकस. चाळीतल्या खताचा पैसा कारभाऱ्याच्या खिशात जाई. त्या काळच्या एका छोट्या विनोदी कवितेत म्हटलंय की चाळीतल्या साऱ्यांच्या ढुंगणांच्या जिवावर कारभाऱ्याने नववर्षाची मोची, म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, कुटली. ओसाकात वाटणी आणखी बारकाईने होई: मैला मालकाचा, लघवी भाडेकऱ्याची.

काही घरं पैशांऐवजी भाजी घेत. ताकिझावा बाकिन हा त्या काळचा गाजलेला लेखक. 1830 च्या दशकातल्या त्याच्या रोजनिशीत नेरिमाकडच्या शेतकऱ्याशी झालेली हुज्जत नोंदलेली आहे. शेतकऱ्याने ठरल्यापेक्षा वांगी कमी आणली. भांडण कशावरून? घरातली लहान मुलं मोजायची की नाहीत यावरून. मला ही नोंद मोलाची वाटते. मोठा लेखक आणि साधा शेतकरी दारात उभे राहून वांग्यांचा हिशोब करताहेत आणि दोघांनाही तो हिशोब पूर्ण गंभीर वाटतोय.

हा व्यवहार मोठा होता. 1790 च्या सुमारास सोनखताचे भाव इतके चढले होते की एदोभोवतीच्या हजाराच्या घरातल्या गावांनी एकत्र येऊन ते उतरवण्यासाठी सरकारकडे अर्ज केले.

(दृश्य: बोळात शिरणारे फेरीवाले. आवाज.)

पहाटेपासून बोळात हाका सुरू होत. खांद्यावर आडवी काठी, दोन्ही टोकांना टोपल्या. शिंपल्या, नात्तो (आंबवलेलं सोयाबीन), तोफू, मासळी, पालेभाजी, सगळं दारात. एकटा तरुण गडी थोडं भांडवल उसनं घेऊन सकाळी माल उचलायचा, दिवसभर फिरायचा आणि संध्याकाळी उसनं फेडून उरलेल्यात तांदूळ घ्यायचा. उद्या पुन्हा तेच. चार दिवस पाऊस लागला तर घरात दाणा नाही.

विकणाऱ्यांच्या मागोमाग विकत घेणारे येत. मोडक्या छत्र्या घेणारा: काड्या परत कागद लावायला आणि सोललेला तेलकट कागद वस्तू बांधायला. वितळून सांडलेलं मेण घेणारा. रद्दी कागद घेणारा. तो कागद पुन्हा भिजवून त्याचा भरडा, करडा कागद व्हायचा, असाकुसा भागातला, आणि शेवटी तो संडासात यायचा. चुलीतली राख घेणारा वेगळा. राख शेताला, कापड रंगवायला, धुण्याला, मातीच्या भांड्यांच्या झिलईला. भोक पडलेला तवा सांधणारा, फुटलेली चिनी मातीची वाटी काचेच्या भुकटीने भट्टीत जोडून देणारा, खडावांचे झिजलेले दात बदलून देणारा. भाड्याने वस्तू देणारी दुकानंही होती. गादी, मच्छरदाणी, भांडी, अगदी लंगोटसुद्धा भाड्याने मिळे.

कापडाचं आयुष्य तर फार लांब. चाळीत नवं कापड बहुतेकांनी अंगाला लावलेलंच नसे. जुने कपडे यानागिवाराच्या बाजारातून येत. किमोनो धुवायचा म्हणजे शिवण उसवायची, पट्टे सुटे करून धुवायचे, फळीवर ताणून वाळवायचे आणि पुन्हा शिवायचे. थंडीत तेच कापड कापूस भरून जाड करायचं, उन्हाळ्यात अस्तर काढून हलकं. विरलं की मुलाचा झगा, मग बाळाचे दुपटे, मग फडकं, मग चुलीत. आणि राख त्या राखवाल्याला.

हे सगळं सांगून आजकाल एदोला ‘कचरा नसलेलं आदर्श शहर’ म्हणून गौरवतात. मला तो गौरव अपुरा वाटतो. या बोळात काही वाया जात नव्हतं, कारण वस्तू महाग होती आणि माणसाची मेहनत स्वस्त होती. दिवसभर दारोदार फिरून सांडलेलं मेण गोळा करण्यात पोट भरावं लागणारी माणसं होती, म्हणून मेण वाया जात नव्हतं. त्यांच्या कष्टांचं नाव न घेता त्यांच्या काटकसरीचं कौतुक करणं मला जमत नाही.

(दृश्य: चुलीवर भात. वाफ.)

एदोची माणसं पांढरा भात खात आणि त्याचा त्यांना अभिमान होता. भात दिवसातून एकदा, सकाळी शिजे. सकाळी गरम भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सार, लोणचं. दुपारी तोच गार. रात्री त्यावर गरम चहा ओतून. गावाकडे भरड धान्य खाणारी माणसं शहरात येऊन कोंडा काढलेल्या तांदळावर राहू लागली आणि एक आजार पसरला. लोक त्याला ‘एदोची व्याधी’ म्हणू लागले. पाय सुजत, चालता येईना, काहींचं हृदय बंद पडे. गावी परतलं की माणूस बरा होई. ही बेरीबेरी. जे जीवनसत्त्व लागत होतं ते पांढऱ्या भाताच्या हौसेपायी काढून टाकलेल्या कोंड्यात होतं, आणि ते कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

घरात न्हाणीघर नाही. सरपण महाग आणि आगीची भीती, म्हणून सगळे सार्वजनिक न्हाणीघरात जात. वाफ बाहेर जाऊ नये म्हणून हौदाकडे जाणारं दार इतकं खाली असे की वाकून शिरावं लागे. आत काळोख. बायका-पुरुष एकत्र न्हात. 1791 मध्ये सरकारने त्याला बंदी घातली.

आगीची भीती उगाच नव्हती. 1657 च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला आणि सुमारे एक लाख माणसं गेली असं सांगतात. 1720 मध्ये नागरिकांची अग्निशमन पथकं नेमली, जपानी मुळाक्षरांच्या क्रमाने नावं दिलेली 47 पथकं. पाण्याने आग विझवणं त्यांच्या हातात फारसं नव्हतं. वाऱ्याच्या दिशेची घरं आधीच आकड्यांनी ओढून पाडायची, म्हणजे आगीला पुढे खायला काही उरत नसे. चाळी जळायच्या आणि पाडायच्या तयारीनेच हलक्या बांधलेल्या होत्या. आग लागली की गादी आणि भात शिजवायचं भांडं घेऊन पळायचं. एवढ्याशा खोलीत सामान कमी का असायचं, याचं एक उत्तर इथे आहे.

रात्री चारच्या टोलाला, म्हणजे आपल्या साधारण दहा वाजता, फाटक बंद होई. नंतर वैद्य आणि सुईण यांनाच सहज वाट मिळे. आत मिणमिणता दिवा, गरिबाकडे सार्डीनच्या तेलाचा, वास मारणारा.

आणि तांदूळ महागला की हा बोळ पेटून उठे. 1787 च्या पाचव्या चांद्र महिन्यात, सलग दुष्काळांनंतर, एदोतल्या लोकांनी शेकडो तांदळाची दुकानं फोडली. अनेक ठिकाणी तांदूळ घरी नेण्याऐवजी चिखलात ओतला गेला, कारण राग साठेबाजीवर होता. काही दिवस शहर सरकारच्या हातात नव्हतं. नंतर आलेले मुख्य मंत्री मात्सुदाइरा सादानोबू यांनी शहराच्या खर्चात बचत करून तिचा सत्तर टक्के भाग धान्यासाठी आणि गरजूंना मदतीसाठी राखून ठेवायला लावला. ही सोय पुढे दशकानुदशकं चालली.

1868 मध्ये एदोचं नाव बदललं. बोळ, चाळी आणि कावडीवाले राहिलेच. सोनखताला गिऱ्हाईक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत होतं. मग रासायनिक खत आलं, शहर फुगलं, शेतं लांब गेली, आणि जे शेतकरी पैसे देऊन न्यायचे ते फुकटही नेईनासे झाले. शेवटी टोकियोच्या महापालिकेला ते उचलण्यासाठी माणसं नेमावी लागली.