मतदार यादी कुठे लावली आहे?

नमस्कार, श्रोतेहो. आज मला बुद्धिबळ संघटनांच्या निवडणुकांबद्दल बोलायचं आहे.

मी कोपरखैरण्यात राहतो. माझी सगळी नोकरी सहकार खात्यात झाली, त्यातली बरीच वर्षं ठाण्यात. पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था, ग्राहक भांडारं, सगळ्यांच्या निवडणुका जवळून पाहिल्या. लोकांना वाटतं, निवडणूक म्हणजे मतदानाचा दिवस. आमच्या खात्यात निवडणूक म्हणजे यादी. प्रारूप यादी लावायची, हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची आणि मग अंतिम यादी. एवढं नीट झालं, की मतदानाच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला निवांत चहा मिळतो. नाही झालं, तर पोलिसांची गाडी बोलवावी लागते. मी चहाही प्यायलोय आणि गाडीही बोलावलीय.

आता तुम्ही म्हणाल, ह्या माणसाचा बुद्धिबळाशी काय संबंध? संबंध नातीचा. ती अकरा वर्षांची आहे. रविवार उजाडला, की आम्ही दोघं ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून ठाणे गाठतो. एखाद्या शाळेच्या सभागृहात स्पर्धा असते. भिंतीवर पेअरिंगचा कागद लागला, की पोरं त्यावर तुटून पडतात. कोण कुठल्या पटावर, पांढरी की काळी. मग दार बंद होतं, आणि आम्ही पालक बाहेर पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसतो. कुणी डबा सांभाळतं, कुणी दप्तर. स्विस लीगच्या, म्हणजे हरलं तरी सगळ्या फेऱ्या खेळायच्या असतात अशा, दिवसभराच्या स्पर्धेत पालकाइतका वेळ दुसऱ्या कुणाकडे नसतो.

असाच एकदा वेळ होता म्हणून मी प्रवेश अर्ज वाचला. अर्जाच्या तळाची बारीक अक्षरं वाचायची, ही खात्याची सवय. तिथे एक ओळ होती: महासंघाचे आणि संलग्न संघटनांचे सर्व नियम मला मान्य आहेत. खाली पालकाची सही. मी सही केली, नात खेळणार म्हटल्यावर न करून सांगतो कुणाला? पण डोक्यात एक किडा वळवळायला लागला. नियम मान्य आहेत, ते ठीक. पण हे नियम करणारी माणसं निवडतं कोण?

ह्या ओळीला हसू नका. आपल्या अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाचा एक नियम असा होता, की महासंघाची मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळलात तर कारवाई होईल. काही खेळाडूंवर ती झालीही. ते गेले भारतीय स्पर्धा आयोगाकडे. मोठमोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीची प्रकरणं जिथे चालतात, त्या आयोगाकडे! २०१८ साली आयोगाने निकाल दिला, की हा वर्चस्वाचा गैरवापर आहे, आणि महासंघाला ६ लाख ९२ हजार रुपयांचा दंड ठोठावला. आता विचार करा. तो नियम बदलावा असं खेळाडूंना वाटत होतं, तर त्यांनी सर्वसाधारण सभेत उभं राहून हात वर का केला नाही? कारण त्या सभेत त्यांना खुर्चीच नव्हती.

महासंघाची स्थापना १९५१ सालची. रचना आपल्या ओळखीची आहे: खाली जिल्हा संघटना, त्यावर राज्य संघटना, त्यावर महासंघ. वरच्या निवडणुकीत मत असतं ते राज्य संघटनांना, प्रत्येकी दोन. ग्रँडमास्टरला मत नाही, पंचाला नाही, माझ्या नातीच्या प्रशिक्षकालाही नाही. ज्या राज्यात दर रविवारी चार ठिकाणी स्पर्धा होतात त्या राज्याला दोन मतं, आणि जिथे वर्षातून दोनदा होतात त्यालाही दोनच.

जानेवारी २०२१ मधली निवडणूक घ्या. त्याआधी महासंघात उभी फूट पडली होती, अध्यक्ष एकीकडे आणि सचिव दुसरीकडे. खरी सभा कोणती यावरच वाद, प्रकरण न्यायालयात. शेवटी करोनाच्या दिवसांत ऑनलाइन मतदान झालं. अध्यक्षपदाचा निकाल लागला ३३ विरुद्ध ३१. हा आकडा जरा मनात घोळवा. एका राज्याने, फक्त एका राज्याने, आपली दोन मतं उलट्या बाजूला टाकली असती, तर ३१ विरुद्ध ३३. देशभरातल्या बुद्धिबळाचा कारभार कुणी बघायचा, हे दोन माणसांच्या बोटांवर ठरलं. अशा ठिकाणी उमेदवाराने प्रचार कुणाकडे करायचा? खेळाडूंकडे जाऊन काय उपयोग? तो त्या चौसष्ट माणसांकडेच जाणार. चौसष्ट घरं आणि चौसष्ट मतं! माझ्या नातीला हे फार आवडलं. ती म्हणाली, “आजोबा, म्हणजे प्रत्येक घरात एक माणूस उभा करता येईल.”

त्याच निवडणुकीत सचिवपदावर भरतसिंग चौहान ३५ विरुद्ध २९ मतांनी पुन्हा निवडून आले. सहा मतांनी विजय, म्हणजे प्रश्न मिटला असं कुणालाही वाटेल. पण केंद्राच्या क्रीडा संहितेत तेव्हा एक कलम होतं: त्याच पदावर लागोपाठ यायचं असेल तर साधं बहुमत चालत नसे, दोन तृतीयांश मतं लागत. चौसष्टचे दोन तृतीयांश त्रेचाळीस. पस्तीस कुठे आणि त्रेचाळीस कुठे? जून २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. आणि वेळ कोणती? चेन्नईचं बुद्धिबळ ऑलिंपियाड तोंडावर. जगभरचे संघ भारतात यायला निघालेले, आणि यजमान महासंघाच्या सचिवांची निवडच रद्द. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्पर्धा पार पडेपर्यंत, १५ ऑगस्टपर्यंत, पदावर राहू दिलं. ऑलिंपियाड देखणं झालं, यात वाद नाही. पण सहकार खात्यातला माणूस म्हणून मला एक गोष्ट खुपते. पस्तीस मतं मोजली गेली, तेव्हाच त्रेचाळीसचा नियम कागदावर होता. निकाल जाहीर करतानाच तो वाचला गेला असता, तर दीड वर्षाची कोर्टकचेरी वाचली असती.

पुढे मार्च २०२४ मध्ये नवे पदाधिकारी बिनविरोध आले. बिनविरोध हा शब्द आमच्याकडे दोन आवाजांत उच्चारला जायचा. अध्यक्ष म्हणायचे, “संस्थेत एकोपा आहे.” शिपाई हळूच म्हणायचा, “साहेब, अर्जच कुणी भरू शकत नाही.” कारण अर्जाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. मतदारच मूठभर असतील, तर सूचक आणायचा कुठून?

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. जागतिक संघटनेत, फिडेत, एक देश एक मत. चेन्नईतच २०२२ मध्ये आर्काडी द्वोर्कोविच १५७ विरुद्ध १६ मतांनी पुन्हा अध्यक्ष झाले, आणि आपला विश्वनाथन आनंद उपाध्यक्ष. तिथे छोट्या बेटाचं मत आणि भारताचं मत सारखंच. काहींना हे फार अन्यायाचं वाटतं. मला तितकंसं वाटत नाही. सोसायटीतही वन रूम किचनवाल्याला आणि थ्री बीएचकेवाल्याला एकच मत असतं की! माझी तक्रार वेगळी आहे. सोसायटीत ते मत त्या घरात राहणाऱ्या माणसाचं असतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम २७ मला झोपेतही म्हणता येईल: एका सभासदाला एक मत, आणि ते त्याने स्वतः द्यायचं, मुखत्यारामार्फत नाही. बुद्धिबळात मात्र खेळाडूचं मत तीन जिने चढून जातं, आणि वर पोचेपर्यंत ते कुणाचं होतं हे कुणाला आठवत नाही.

मग काय, सगळ्यांनाच मत द्यावं? अमेरिकेत तसं आहे. तिथल्या महासंघाचं कार्यकारी मंडळ मतदार सभासद थेट निवडतात. ऐकायला गोड आहे. पण मी पतपेढ्या पाहिल्या आहेत. निवडणूक जवळ आली, की शंभर शंभर रुपयांचे भाग घेऊन रातोरात सभासद कसे वाढतात, ते पाहिलंय. एकाच्या खिशातून पैसे, नावं दोनशे, अक्षर सगळ्यांवर एकच! म्हणून अर्हता दिनांक हवा. त्या तारखेआधी सभासद असलेलाच मतदार. शिवाय आपल्याकडे खेळणारे निम्मे तर शाळकरी. त्यांचं मत पालकांनी द्यावं का? पालक म्हणून मला मोह होतो, पण नको. आम्ही पॅसेजमधली मंडळी आपापल्या पोराचं रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, बघूनच शिक्का मारू. प्रौढ रेटिंगधारक खेळाडू आणि नोंदणीकृत पंच, इथून सुरुवात करावी. त्यांनी जिल्ह्यात थेट आपला प्रतिनिधी निवडावा, गुप्त मतदानाने.

२०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. कार्यकारी समितीत जास्तीत जास्त पंधरा जण, त्यात नामवंत खेळाडू हवेत, किमान चार महिला हव्यात. निवडणुकांवर देखरेखीसाठी स्वतंत्र पॅनेल, वादांसाठी न्यायाधिकरण. चार महिलांचं वाचलं आणि मला बुद्धिबळपटू रोहिणी खाडिलकर आठवल्या. १९७६ साली त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या, तर केवढा गहजब झाला होता! उच्च न्यायालयात जावं लागलं. शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी निर्वाळा दिला, की बायकांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही. मुंबईच्या पोरीला पटावर बसायला नेदरलँड्सच्या माणसाचा शब्द लागला. समितीत तेव्हा चार बायका असत्या, तर कदाचित एवढं लांब जावं लागलं नसतं.

कायदा चांगला आहे. पण तो लक्ष ठेवणार वरच्या मजल्यावर. तिथे मतपेटी काचेची केली, तरी यादी खालून येते. जिल्ह्यात सभासद कोण, कधीपासून, वर्गणी कुणी भरली, हे जिथे लिहिलं जातं ते रजिस्टर कुणाच्या तरी कपाटात असतं. एका राज्यात दोन दोन संघटना उभ्या राहून दोघीही आपणच खऱ्या म्हणतात, त्या भांडणाचं मूळ तिथेच. निवडणूक किती वर्षांनी, मुदती किती, वय किती, यावर सगळे बोलतात. यादीवर कुणी बोलत नाही, कारण तो कंटाळवाणा विषय आहे. माझ्यासारख्याचा!

आणि बुद्धिबळवाल्यांना नावं ठेवायला आपण तरी कुठे मोठे लागून गेलो? आमच्या नवी मुंबई महापालिकेची मुदत २०२० च्या मे महिन्यात संपली. पुढचं मतदान व्हायला पाच वर्षांहून जास्त गेली. तेवढ्यात माझी नात किल्लेकोटाची साधी चाल शिकून सिसिलियन बचाव खेळायला लागली.

तर मागच्या महिन्यात त्या पॅसेजमध्ये मी बाकीच्या पालकांना विचारलं, “आपल्या जिल्ह्याच्या संघटनेत मतदार कोण आहेत, कुणाला ठाऊक आहे का?” कुणी पेअरिंगच्या कागदाकडे बघितलं, कुणी मोबाइलकडे. घणसोलीच्या एक बाई होत्या, त्यांचा मुलगा नातीबरोबर खेळतो. त्या म्हणाल्या, “काका, सभासद व्हायचा फॉर्म तरी कुठे मिळतो?” तेही कुणाला सांगता येईना.

मग आम्ही गुण लिहायच्या कागदाची मागची बाजू घेतली आणि अर्ज लिहिला. तीनच प्रश्न. सभासदांची यादी कुठे पाहायला मिळेल? सभासद होण्याची अट आणि वर्गणी काय? मागच्या निवडणुकीची अंतिम मतदार यादी कोणत्या तारखेला, कोणत्या फलकावर लावली होती? खाली चौदा सह्या. तोवर दार उघडलं, पोरं बाहेर आली. नातीचा डाव बरोबरीत सुटला होता आणि तिला वडापाव हवा होता.

अर्ज मी स्वतः जिल्हा संघटनेच्या कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या मुलाने तो घेतला आणि टेबलावर ठेवला. मी म्हटलं, “बाळा, आवक क्रमांक?” त्याला कळेना. मी माझी प्रत पुढे केली, त्यावर तारीख घालून घेतली, सही घेतली. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत लिहिली आहे. आज अकरावा दिवस.

नमस्कार.