किती क्रेट बसतात, हे शोरूममध्ये विचारू नका

(नारायणगाव परिसरातील शेतकरी आणि वाहतूकदारांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय दिलाय ‘हेवी ड्युटी पिकअप कशी निवडावी’. आता हा ‘हेवी ड्युटी’ शब्द कुठं असतो? गाडीच्या फाळक्यावर असतो, स्टिकरवर असतो, सेल्समनच्या तोंडात असतो. आरसी बुकात नसतो. आरसीत दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट एकूण वजन. मोठ्यातून लहान वजा केला की जे उरतं, तेवढीच ती गाडी ‘हेवी’. आपण त्याला पासिंग म्हणतो.

मी बावीस वर्षं पिकअप चालवतोय, म्हणजे आधी चालवायचो, आता चालवून घेतो. या काळात तीन नव्या गाड्या घेतल्या. पहिल्या दोन्ही घेताना मी एकच प्रश्न विचारला, “किती क्रेट बसतात?” सेल्समन म्हणाला, “साहेब, शंभर टाका, काही होत नाही.” प्रश्नच चुकीचा, मग उत्तर कुठून बरोबर येणार? हौद्यात बसतात किती आणि गाडीला पेलतात किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपला टोमॅटोचा क्रेट वीस किलोचा. रिकामा क्रेट साधारण दोन किलो धरा, म्हणजे भरलेला बावीस. नऊ फुटी हौद्यात एका थरात वीस-एकवीस क्रेट बसतात. चार थर लावले की चौऱ्याऐंशी, आणि वजन झालं जवळपास १,८५० किलो. गाडी १,७०० किलो पासिंगची असेल तर चौथा थर पुरा होण्याआधीच तुमचा माल संपला पाहिजे. पण हौद्यात जागा दिसतेय, शेतात माल पडलाय, भाव चाललाय. २०२३ च्या जुलैत क्रेट दोन हजारांच्या पुढं गेला होता, तेव्हा चौथ्या थरावर थांबलेला माणूस मला तरी दिसला नाही. दहा फुटी हौदा घेतला तर एका थरात चोवीस बसतात. हौदा जितका लांब तितका मोह मोठा. शिवाय लांब हौद्यात माल मागच्या चाकांच्या मागं लोंबतो, पुढचा भाग हलका होतो आणि घाटात स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. ज्यांनी अनुभवलंय ते आता मान हलवतायत, मला इथून दिसतंय.

तिसऱ्या गाडीच्या वेळी मी शहाणा झालो. गाडीचं एकूण वजन कागदावर ३,४९०, माहितीपत्रकात पासिंग १,७००. शोरूममधून आणली, हौद्यात पत्रा मारला, वर लोखंडी सांगाडा केला, केबिनवर कॅरिअर लावला. ताडपत्री, दोरखंड, टूलबॉक्स टाकला आणि गाडी सरळ वजनकाट्यावर घेतली. आम्ही दोघं खाली उतरलो. काट्यावर आकडा आला १,९६०. वजाबाकी करा. उरले १,५३०. त्यात ड्रायव्हर आणि क्लीनर बसले की १,४००. म्हणजे त्रेसष्ट क्रेट. मी काटेवाल्याला म्हटलं, परत बघ. तो म्हणाला, “काटा बरोबर आहे भाऊ, तुमचं लोखंड जास्त झालंय.” सांगाडा मी हौसेनं जाड अँगलचा करून घेतला होता, म्हणजे पाच-सहा क्रेट तर मी गाडी घेतल्याच्या आठवड्यातच विकून टाकले होते.

तेव्हा आधी हिशोब घरी करा. नेहमीची खेप किती क्रेटची? सणावाराची, भाव चढल्या दिवसाची नाही, नेहमीची. गुणिले बावीस. त्यात दोन माणसं, त्यात सांगाडा. जे येईल त्याच्या वरच्या पासिंगची गाडी बघायला जा. आज बाजारात सव्वा टनापासून दोन टनांपर्यंत सगळं मिळतं. बोलेरो मॅक्स पिकअपच्या हेवी मालिकेत आणि टाटा योद्धामध्ये दोन टनांची गाडी आहे, अशोक लेलँडची बडा दोस्त आहे. छोटा हत्ती २००५ साली आला तेव्हा पाऊण टन म्हणजे चैन वाटायची.

इथं कायद्यातली एक गंमत सांगतो. ज्या मालवाहू गाडीचं एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत आहे तिला परमिट लागत नाही. २,९९० किलोंच्या गाड्या बाजारात का दिसतात, ते आता कळलं असेल. गाव ते मार्केट, पन्नास क्रेट, रोजची धाव, असं काम असेल तर तीच बरी. त्याच्या वर गेलात तर परमिटचा कागद वाढला, पण दर खेपेला दीड-दोन टन न्यायचे असतील तर तो कागद सोसावा. लायसन्सची मात्र चिंता करू नका. साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

आता जास्त भरलं तर काय होतं? दंड सगळ्यांना माहीत आहे, वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. वरचा माल तिथंच उतरवायचा, टोमॅटो रस्त्याकडेला उन्हात. पण मला दंडापेक्षा घाटाचं बोलायचंय. एका पावसाळ्यात मी शहाण्णव क्रेट घेऊन माळशेज उतरत होतो, कल्याणला जायचं होतं. गाडी पहिली, म्हणजे सव्वा टनाची. अर्ध्या घाटात ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आला. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल मऊ, स्पंजासारखं. दुसरा गिअर टाकला, डोंगराच्या बाजूला गाडी घेतली आणि चाकाला दगड लावून पाऊण तास बसून राहिलो. इंजिनात ताकद होती, पाट्यांनी, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांनी, वजन पेललं होतं, मी दोन हेल्पर पाटे जास्तीचे बसवले होते ना! पाटे वाढवून गाडी बसत नाही एवढंच. ब्रेक कंपनीनं पासिंगचा आकडा धरूनच दिलेले असतात, ते पाट्यांबरोबर वाढत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, आणि डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे कोणी असतील तर त्यांनी ऐकावं: इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टरही जातो आणि पॉवर स्टिअरिंगही.

टेस्ट ड्राइव्ह म्हणून शोरूमवाला तुम्हाला रिकामी गाडी हायवेला फिरवून आणतो. रिकामी पिकअप कोणतीही पळते. डेमो गाडी मागा, तिच्यात तुमच्या वजनाचा माल भरा आणि आणे घाट चढवून बघा. वळणावर दुसऱ्या गिअरला गाडी थांबवा आणि परत उचला. माहितीपत्रकात हॉर्सपॉवर मोठ्या अक्षरात असते, तुम्ही टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, बघा. मॅक्स पिकअपच्या सिटी मालिकेत २००, हेवीत २२०, योद्धात २५० न्यूटन मीटर. पण गिअरचं गुणोत्तर वेगळं असतं, म्हणून कागदावरचा टॉर्क आणि चढावरची गाडी यात फरक पडतो. चढ खोटं बोलत नाही.

बीएस सहाच्या, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांतल्या, डिझेल गाडीत धुराची काजळी धरणारा फिल्टर असतो. शेत ते मार्केट दोन-तीन किलोमीटर, दिवसभर चालू-बंद, असं चालवलं की तो चोंदतो आणि दिवा लागतो. मग गाडी मोकळ्या रस्त्यावर एका लयीत वीस-पंचवीस मिनिटं पळवावी लागते. आपल्या चौकातला मिस्त्री हाताचा कितीही चांगला असला तरी स्कॅनरशिवाय त्याला तो दिवा घालवता येणार नाही. म्हणून सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, हे गाडी ठरवण्याआधी बघा.

पैशाचं थोडक्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुनं कोटेशन कोणी दाखवलं तर परत करा. आठ लाखांचं कर्ज, अकरा टक्के, पाच वर्षं, हप्ता बसतो सुमारे १७,४००. हप्ता बाराही महिने येतो, टोमॅटो येत नाही. हंगामी हप्ते मिळतात का, हे सहीच्या आधी विचारा. आणि विमा घेताना ‘आयएमटी २३’ हे जादा कलम घातलंय का बघा. मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, बंपर, मडगार्ड, बॉनेट यांचं नुकसान धरत नाहीत, आणि पिकअप आपटते ती नेमकी तिथंच. माझा एक क्लेम असाच गेला. एजंटानं हप्ता कमी दाखवायला ती ओळ गाळली होती, आणि मी स्वस्त पडली म्हणून चहा पाजला त्याला.

ती डबल केबिनवाली, उंच, चकचकीत पिकअप? हौस असेल तर जरूर घ्या. पण तिचा हौदा टोमॅटोसाठी नाही, तिच्यातलं पासिंग आपल्या साध्या गाडीपेक्षा कितीतरी कमी.

मागून एक चिठ्ठी आलीय, “सीएनजी घ्यावी का?” शहरातच फिरवायची असेल तर घ्या. टाक्यांचं वजन पासिंगमधून जातं आणि घाटात पंप शोधत बसावं लागतं. दुसरी चिठ्ठी, “मुलगा म्हणतो लाल घ्यायची, मी म्हणतो पांढरी.” त्यात मी पडत नाही. माझ्या तीनही पांढऱ्या आहेत, कारण प्रत्येक वेळी डीलरच्या आवारात त्या दिवशी पांढरीच उभी होती.