होडीच्या फायबरपासून विमानाच्या पंखापर्यंत

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या महिन्यात देवगडला खाडीकाठच्या एका होडीच्या कारखान्यात गेलो होतो. साच्यावर काचतंतूची मॅट अंथरलेली, तिच्यावर ब्रशने रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट द्रव, लावणं चाललं होतं. एक विशीतला मुलगा रोलर फिरवून मॅटमधली हवा काढत होता. सुकलेल्या भागावर मिस्त्री रुपयाचं नाणं ठोकत पुढे सरकत होते. टक, टक, टक... आणि एका जागी आवाज बद्द आला. "हय हवा रवली," म्हणत त्यांनी खडूने गोल काढला.

श्रोतेहो, विमानाच्या देखभालीतही नाणं ठोकून अशीच तपासणी करतात. संशय आला की मग अल्ट्रासाउंड लावतात. काचतंतूच्या जागी बहुतेकदा कार्बनचे तंतू असतात, आणि रोलरचं काम निर्वात पिशवी आणि दाबाची भट्टी करते. पण शत्रू तोच, आत अडकलेला हवेचा बुडबुडा.

दुसरा शत्रू खारी हवा. कार्बनचा भाग ॲल्युमिनियमला थेट टेकला आणि मध्ये खारं पाणी शिरलं, तर ॲल्युमिनियम झिजत जातं. म्हणून दोघांच्या मध्ये काचतंतूचा पातळ थर घालतात. खिडकीचे गज दर दोन वर्षांनी खरवडून रंगवणाऱ्या आपल्या माणसांना यातलं मर्म चटकन कळेल.

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. एरोस्पेस म्हटलं की आमची मुलं मागे सरतात. "सर, ते आयआयटीवाल्यांचं," म्हणतात. पण पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला जेमतेम एक किलोचा 'स्वयम्' उपग्रह जून 2016 मध्ये इस्रोच्या पीएसएलव्हीने अवकाशात गेला. सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' गेला. अशा चमूंना सर्किट जोडणारे, सॉफ्टवेअर लिहिणारे, सुटे भाग घासूनपुसून बसवणारे, सगळेच लागतात.

डिप्लोमावाल्यांनी थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यावा. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ तर आपल्या रायगडातच आहे. पदवीनंतर मेकॅनिकलच्या मुलांनाही गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन एरोस्पेसच्या एम.टेक.ला अर्ज करता येतो. पुढे संशोधनाकडे वळलात, तर 2023 पासून जेआरएफची, म्हणजे संशोधक विद्यार्थ्याला मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची, रक्कम महिना 37,000 रुपये आहे. घरी पैसे पाठवायची जबाबदारी असलेल्या मुलांनी हा आकडा आईवडिलांना जरूर सांगावा.

आता कारखानदारांसाठी. आयआयटी मुंबईत बोइंग आणि केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या साथीने उभं राहिलेलं एरोस्पेस संशोधन केंद्र आहे. अशा संस्था शुल्क घेऊन नमुन्यांच्या चाचण्या करून देतात, उद्योगाबरोबर प्रकल्पही घेतात. होडी बांधणाऱ्याने आपल्या लॅमिनेटचा, म्हणजे मॅट आणि रेझिन मिळून सुकलेल्या थराचा, तुकडा एकदा तरी ताणून, मोडून तपासून घ्यावा. कुठलं रेझिन किती भार सोसतं, हे कागदावर आलं की गिऱ्हाइकाशी बोलायचा सूर बदलतो.

विद्यार्थ्यांनो, उन्हाळी इंटर्नशिपसाठी प्राध्यापकांना पत्र लिहाल, तेव्हा त्यांचा एखादा शोधनिबंध आधी वाचा आणि त्यातलं काय समजलं नाही, ते नेमकं विचारा. आणि पहिल्याच परिच्छेदात लिहा, "मी दोन उन्हाळे फायबरच्या होडीवर रोलर फिरवला आहे."

नमस्कार.